खाऱ्या विहिरीचं पहिलं पाणी

आमच्याकडे पाहुणा आला की माझी नातवंडं त्याला मोठ्या तोऱ्यात सांगतात, आमचा आजा कापसाच्या तेजीत इथं आला, त्यानं पडीत रान फोडलं आणि गावातलं पहिलं माळ्याचं घर बांधलं. ऐकून मला हसू येतं. जसा काही आजा एकटाच आला होता! बैलबंडीत त्याच्यामागं मी बसले होते, मांडीवर शेवंतीची रोपं घेऊन, हे कुणी सांगत नाही. म्हणून म्हटलं, आता आपणच सांगून टाकावं. धाकटा नातू लिहून घेतोय. तो अमरावतीच्या शाळेत शिकला, त्यामुळं माझं 'मले-तुले' तो 'मला-तुला' करून टाकतो. करू दे बापडा. पण बाकीच्यांचं बोलणं जसंच्या तसं ठेव, असं मी त्याला बजावलंय. गेलेल्या माणसांच्या तोंडचे शब्द बदलू नयेत.

माझं माहेर बार्शीटाकळीचं. आम्ही फुलमाळी. घरामागं विहीर, विहिरीवर मोट, आणि पाटाच्या दोन्ही अंगांना फुलं. उन्हाळ्यात मोगरा, पावसाळा सरला की झेंडू, आणि कार्तिकात शेवंती. पहाटे मोटेचं चाक कुरकुरायला लागलं की आम्हा पोरींना जाग यायची. बाबा मोट हाकताना गाणं म्हणायचे, तेही बेसूर, पण बैलांना तेच लागायचं. मी पाटात पाय सोडून बसायची आणि आई ओरडायची की पाट तुझ्या बापानं पाय धुवायला काढला नाही. आणि पाणी काय होतं म्हणून सांगू! ओंजळीनं प्यावं आणि पुन्हा ओंजळ भरावी. तुरीची डाळ चुलीवर ठेवली की आंगण झाडून होईस्तोवर विरघळलेली असायची. तेव्हा मला वाटायचं, पाणी म्हणजे असंच असतं, सगळीकडे.

लग्न होऊन मी अकोल्याला आले, जुन्या शहराच्या कडेला. मोर्णेच्या काठी सासऱ्यांचा भाजीचा मळा होता. सासू माझ्या येण्याआधीच गेलेली. घरात सासरे, थोरले दीर, जाऊ आणि आमचे घरधनी. घरधन्यांचा स्वभाव असा की, बोलणं म्हणजे खिशातून पैसा काढल्यासारखं. "भूक लागली का?" विचारलं तर "हो." "जेवण कसं झालं?" तर "झालं." मी आपली दिवसभर बडबड करायची आणि हा माणूस वांग्याच्या आळ्याला पाणी देत एखादा हुंकार द्यायचा. पहिल्या वर्षी मला फार राग यायचा. आईजवळ मी तक्रारही केली होती की मला मुक्याच्या गळ्यात बांधलं.

तेव्हाच ती कापसाची तेजी आली. साहेबाच्या मुलखापलीकडं कुठंतरी लढाई लागली होती आणि तिथला कापूस येईनासा झाला होता, एवढंच आमच्या कानावर. पण वऱ्हाडात माणसं अशी पिसाळली होती की विचारू नका. गाद्या-उशा उसवून लोकांनी आतला जुनाट कापूस विकला. आमच्या शेजारणीनं नवऱ्याची गादी त्याला न विचारता रिकामी केली आणि तो बिचारा थंडीत पोत्यावर झोपला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. जो तो कापसाची पऱ्हाटी पेरी. भाजी लावायला कुणी तयार नाही.

एक दिवस सासऱ्यांनी बाजारातून बातमी आणली की भातकुलीच्या बाजूला काळ्या जमिनीचं मोठं रान पडीत आहे, आणि जो कसायला तयार असेल त्याला सरकार ते देतं. घरच्या मळ्यात दोन भावांचं पोट भरणं अवघडच होतं. सासरे धाकट्याला म्हणाले, "भाजी इकून किती दिवस काढाचे? सारा मुलूख कापसावर मोठा होऊन राहिला. जा तू." घरधनी "जातो" म्हणाले आणि उठून बैलांना चारा टाकायला गेले. मला कुणी विचारलं नाही. मी मात्र त्याच दिवशी माहेरी निरोप धाडला की मला शेवंतीची रोपं पाठवा. जिथं जायचं तिथं निदान फूल तरी आपलं असावं.

रान पाहिलं आणि खरं सांगते, मीही हरखले. गुडघाभर काळी माती, दगड म्हणून हाताला लागायचा नाही. थोडी घरं होती, बहुतेक कुणब्यांची, तीही चार-दोन वर्षांपूर्वी येऊन वसलेली. आम्ही कुडाची खोपडी उभी केली. शेजारी एक म्हातारी राहायची, तिला सगळा गाव बुढी म्हणायचा. तिनं पहिल्या दिवशी भाकर-चटणी दिली आणि एक लहानसं मडकं पाणी दिलं, वर म्हणाली की सांडू नको. मला वाटलं, म्हातारी चिक्कू आहे.

दुसऱ्या दिवशी कळलं. गावची विहीर होती, भरलेली होती, पण पाणी खारट. बैल प्यायचे, माणसानं तोंडात घेतलं की जीभ गोळा व्हायची. पिण्याचं पाणी आणायचं नदीवरून. नदीच्या वाळूत बायका खड्डा करायच्या, त्याला झिरा म्हणत. त्यात वाटीवाटीनं पाणी साठायचं, ते घागरीत भरायचं. जाऊन येईपर्यंत ऊन डोक्यावर यायचं. म्हणून त्या गावात पाहुण्याला पाणी देताना पेला अर्धाच भरत. सुना माहेराहून परतताना लाडू आणत नसत, गोड पाण्याची घागर आणत, तोंडाला फडकं बांधून. आणि ज्या घरी घागर आली त्या घरी त्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांची डाळ शिजे. कारण खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजतच नाही. मी सकाळी चढवलेली डाळ दुपारपर्यंत टणक. पहिल्या दिवशी मला रडू आलं. घरधन्यांनी ती कचाकचा चावून खाल्ली. मी विचारलं, कशी झाली? म्हणाले, "झाली."

आता इथं आमची जात आडवी आली. कुणबी आभाळाकडं पाहतो, माळी जमिनीखाली पाहतो. आमच्या घरधन्यांच्या डोक्यात काही केल्या बसेना की विहिरीला पाणी आहे आणि ते कामाचं नाही. त्यांचं म्हणणं, इथल्या लोकांना विहीर खणता येत नाही. वरचंच पाणी लागलं की थांबतात, खोल गेलं तर गोडच लागणार. बुढीनं त्यांना समजावलं, "खंदू नको रे बाप्पा. इथं खाली जाशीन तितलं खारं." घरधनी म्हणाले, "आमी माळी मानसं." तेवढ्यात त्यांचं सगळं बोलणं आलं. गावातल्या लोकांना मजा वाटली. माळी आला, म्हणाले, आता नदी इकडंच वळवतो वाटतं.

त्या उन्हाळ्यात विहीर खणली. दिवसभर ते खाली आणि मी वरून टोपली ओढायची. माती बाहेर टाकताना मी मनात वाफे आखायची, इथं मेथी, इथं वांगी, इथं शेवंती. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. हात सोलून निघाले होते, पण आम्ही दोघं एकाच गोष्टीकडं डोळे लावून बसलो होतो, आणि मला वाटतं तेव्हाच आम्ही खरे नवरा-बायको झालो. एकदा तर खालून त्यांच्या गाण्याचा आवाज आला. माझ्या बाबांचं मोटेचं गाणं, मी घरात गुणगुणायची तेच! मी वर टोपली धरून तशीच उभी राहिले. हा माणूस गातो हे मला ठाऊकच नव्हतं.

पाणी लागलं. भरपूर लागलं. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, गाव गोळा झालं. आमच्या माळ्यांत रीत अशी की नव्या विहिरीचं पहिलं पाणी घरच्या सुनेनं प्यायचं. घरधन्यांनी बादली ओढली, तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला. मी एक घोट घेतला. खारं, बाई! गावच्या विहिरीहून खारं. तोंडातून फुर्रकन बाहेर येणार होतं, पण मी समोर पाहिलं. गाव हसायच्या तयारीत उभं होतं आणि हा माणूस, अंगाला वाळलेली माती, डोळ्यांत सगळा जीव आणून माझ्या तोंडाकडं पाहत होता. मी तो घोट गिळला.

त्यांनी विचारलं, "कसं हाये वं?"

मी म्हटलं, "थंड हाये."

त्यांनी माझ्या हातातून तांब्या घेतला आणि स्वतः प्यायले. तांब्या विहिरीच्या काठावर ठेवून बैलांकडं गेले. गावातही मग कुणी हसलं नाही. बुढी तेवढी माझ्या पाठीवर हात ठेवून घरी गेली.

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. पण माळीच तो! पाणी प्यायला नाही तर नाही, निदान झाडाला चालेल म्हणून त्यांनी वाफे काढले आणि त्या पाण्यानं वांगी-मेथी भिजवली. आठवड्यात पानांच्या कडा करपल्या. मग जमिनीवर पांढरी खपली धरली, नखानं खरवडली तर जिभेला मिठासारखी. तेवढा तुकडा पुढं कित्येक वर्षं मेला होता. माझी शेवंती वाचली ती केवळ मी तिला त्या पाण्याचा थेंब लागू दिला नाही म्हणून. खोपडीमागं हात धुवायच्या दगडाजवळ मी ती लावली होती. गोड पाण्यानं तांदूळ धुतले, तोंड खळखळलं की ते पाणी शेवंतीला. गावच्या बायका म्हणत, ही माळीण प्यायच्या पाण्यानं फुलं पोसते. म्हणोत बापड्या. मला त्या रोपांत माझं माहेर दिसायचं.

पाऊस लागला आणि पेरणी आली. तेव्हा मला सहावा महिना सरत आला होता. सरकी शेणमातीत चोळून वाळवली आणि तिफणीमागं मी चालले, मुठीनं सरकी सोडत. घरधनी दर फेरीला मागं वळून पाहायचे. पऱ्हाटी अशी उठली की गाव पाहायला आलं. ज्या मातीनं आमची भाजी खाल्ली तिनंच कापूस असा दिला, आता बोला! ओल पावसाची होती ना, विहिरीची नव्हती.

श्रावणात बाबा मला बाळंतपणासाठी घेऊन गेले. बार्शीटाकळीच्या घरी मी उतरले आणि आधी विहिरीवर गेले. पोटभर पाणी प्यायले, डोक्यावरून ओतून घेतलं, आणि तिथंच बसून हमसून रडले. माझे केस खाऱ्या पाण्यानं राठ झाले होते, हाताची कातडी फुटली होती. आईनं माझा अवतार पाहिला आणि ठरवूनच टाकलं. मुलगा झाल्यावर तर तिनं बाबांनाही बजावलं की नातू खाऱ्या पाण्याच्या गावी जाणार नाही. जावयाला मळ्यात जागा द्या, नाहीतर तो त्याचा तिकडं आणि पोरगी माझ्याकडं. आमच्या इकडं पूर्वीपासून लोक त्या पट्ट्यात मुली द्यायला कचरतच, आईचं काही वेगळं नव्हतं.

आणि मला काय वाटत होतं? लपवण्यासारखं काही नाही. मला जायचं नव्हतं. डाळ शिजत होती, मूल अंगावर पीत होतं, शेवंतीला कळ्या धरत होत्या. घरधन्यांची आठवण यायची, आणि ती आली की वाटायचं, येतील की इकडंच. माळ्याला मळा मिळाला तर कोण नाही म्हणेल? मी तसा निरोपही धाडला होता, एका बंडीवाल्याबरोबर. उत्तर आलं नाही. ते येणारच नव्हतं म्हणा, हा माणूस समोर असून उत्तर देत नाही!

कार्तिक लागला. आणि एका सकाळी सासरे येऊन दारात उभे. धुळीनं माखलेले, रागानं लाल. नातवाला पाहिलं, त्याच्या हातावर पैसा ठेवला आणि माझ्याकडं वळले. ते पोराचं वावर पाहायला गेले होते आणि तिथूनच येत होते.

त्यांनी सांगितलं ते असं. आमच्याकडं कापसाच्या वेचणीआधी सीतादही करतात. घरच्या बाईनं वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, पहिली बोंडं तोडायची, त्या कापसाचं सूत हातानं काढून झाडांना गुंडाळायचं. मग बाकीच्यांनी वेचायला लागायचं. घरची बाई नसेल तर भावकीतली, शेजारची, कुणीही करते. साऱ्या गावाची पहिली वेचणी उरकली होती. एकट्या आमच्या घरधन्यांचं वावर फुटून पांढरं उभं होतं. वारा कापूस उडवत होता, वाळलेला पाला त्याला चिकटत होता आणि आभाळ भरून येत होतं. एक सर आली असती तर वर्षाची मेहनत मातीत. बुढीनं सीतादही करते म्हटलं, तिला नाही म्हणाले. सासऱ्यांनी थोरल्या सुनेला आणतो म्हटलं, तेही नको.

"तो म्हन्ते, सरकी तिनं टाकली, पैलं बोंड तिच्याच हातचं," सासरे म्हणाले. "मी म्हटलं, मंग बलाव ना तिले. तं म्हन्ते, तिले खारं पानी प्याले मी कोन्या तोंडानं बलावू?"

 आई मुलाला घेऊन आत गेली. मला आधी राग आला, खूप राग आला. म्हणजे बोलवायचं नाही आणि अडवून मात्र ठेवायचं! ज्या कापसासाठी हात सोलले तो उडून गेला तर खापर कुणावर? माझ्यावरच की. मी बाबांना म्हटलं की बंडी जुंपा. मी जाते, सीतादही करते, माझी भांडी-लुगडी उचलते आणि तुमच्याबरोबर परत येते. एकदाचा निकाल लागू दे. बाबा हो म्हणाले. सासरे आमच्या येण्याचा निरोप पुढं धाडून अकोल्याला परतले. आईनं बंडीत गोड पाण्याच्या दोन घागरी ठेवल्या, तोंडं फडक्यानं घट्ट बांधून, आणि सांगितलं की तिथल्या पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही, आणि परत यायचं. मुलाला ती ठेवून घेणार होती, पण अंगावर पिणारं मूल ठेवता येतं का? त्याला मी पदरात घेतलं.

तो रस्ता मी अजून डोळे मिटून पाहते. कापसाच्या बंड्यांमागं बंड्या अकोल्याच्या वाटेनं चालल्या होत्या, भरून दोन्ही अंगांनी फुगलेल्या. वाटेवरच्या बाभळींना कापूस अडकून राहिला होता, काट्याकाट्याला बोटभर. मैलोगणती बाभळी पांढऱ्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज, धूळ, गाडीवानांच्या आरोळ्या, आणि मध्येच कुणीतरी मुलाचं नाव विचारायचं. तसा रस्ता पुन्हा पाहिला नाही. पुढं ती लढाई संपली, भाव कोसळला, आगगाडी आली, आणि जे नुसत्या भावासाठी आले होते ते बरेचसे निघूनही गेले. पण तेव्हा वाटायचं हे असंच चालणार. मी मात्र बंडीत फुगून बसले होते आणि घरधन्यांना काय काय बोलायचं त्याची उजळणी करत होते.

पोहोचलो तो सकाळ होती. मी बाबांना सांगितलं, घरी नको, आधी वावरात. वावर दुरूनच दिसलं, चुन्याचं पोतं फुटल्यासारखं. घरधनी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर उभे होते. किती वाळले होते! गालफडं बसलेली, ओठ फुटलेले. त्यांनी मुलाकडं पाहिलं, हात पुढं केला आणि मातीचा हात म्हणून मागं घेतला. मी मूल त्यांच्या हातात कोंबलं आणि पूजेला लागले. बोलायचं ठरवलेलं सगळं तोंडाशी होतं, पण सीतादहीच्या आधी भांडण नको म्हटलं.

बुढीनं दहीभात आणला होता. पाच दगड मांडून त्यांना चुना लावला. घरधन्यांनी पळसाच्या पानात गुंडाळलेली फुलं पुढं केली. उघडून पाहते तो शेवंती! पिवळी, टपोरी, दंवानं ओली. मी विचारलं, कुठून आणली? म्हणाले, "घरची." मला वाटलं, अमरावतीच्या बाजारातून आणली असतील आणि सांगायला लाजत असतील. मी फुलं वाहिली, पहिलं बोंड तोडलं, सूत काढून झाडांना गुंडाळलं. मागून गावच्या बायका वेचायला शिरल्या, न बोलावता. आभाळ अजून भरलेलं होतं, त्यांनाही कळत होतं.

मग मूल बुढीजवळ देऊन मी घरी गेले, माझं सामान बांधायला. बाबांनी बैल सोडले नाहीत, बंडी तशीच जुंपलेली दारात उभी केली. भांडी उचलायला म्हणून मी खोपडीमागं गेले आणि जागीच थांबले. हात धुवायच्या दगडाजवळ माझी शेवंती होती. मेली असेल म्हणून मी आशाच सोडली होती. पाऊस जाऊन महिना होत आला होता, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. पण शेवंतीच्या बुडाशी माती ओली. आळं केलेलं, पाल्यानं झाकलेलं, माळ्यानं करावं तसं नेटकं. आणि फुलांनी झाड वाकलेलं. मी बुडाची माती चिमटीत घेतली, जिभेला लावली. गोड होती.

नदीवर जाऊन यायला अर्धा दिवस जातो. एकटा माणूस, वावराची राखण सोडून रोज कुठं जाणार? चार-आठ दिवसांनी एक कावड आणली तर आणली. मग शेवंतीला एवढं पाणी आलं कुठून? हे मनात येईपर्यंत घरधनी बाबांना घेऊन आत आले होते. मीही आत गेले. कोपऱ्यात दोन माठ होते. एकातून त्यांनी बाबांना पाणी दिलं, मला दिलं; माठ पार कलता करावा लागला. पाणी नदीचं होतं. आमचं पिऊन झाल्यावर त्यांनी पेला घेतला, दुसऱ्या माठात बुडवला आणि उभ्या उभ्या घटाघटा प्यायले. तो माठ मला ओळखू आला. त्याच्या काठाला पांढरी खपली धरली होती.

ते फुटलेले ओठ, ती बसलेली गालफडं मला तेव्हा समजली. ठरवलेलं एकही बोलणं आठवेना. मी कसंबसं विचारलं, "कसं हाये पानी?"

त्यांनी पेला पालथा घातला. माझ्याकडं पाहिलं आणि, काय सांगू, हसले.

"थंड हाये," म्हणाले.

मी दारात गेले. बाबा तोवर बंडीजवळ जाऊन उभे होते, माझी वाट पाहत. मी आईच्या दोन्ही घागरी उतरवून घेतल्या, एकीचं फडकं सोडलं आणि ती खाऱ्या माठाशेजारी नेऊन ठेवली. मग बाहेर येऊन म्हटलं, "बाबा, बैल सोडा."